टाकी रिकामी न करता व्हॉल्व्ह बदलणं: आमची वाटचाल

गच्चीवरच्या टाकीच्या बुडाशी जो पहिला गेट व्हॉल्व्ह असतो, तो काही वर्षांत हमखास दगा देतो. बोअरच्या पाण्यातला क्षार आत चढतो, चाक फिरतं पण गेट बसत नाही. तो बदलायचा तर त्याच्या अलीकडे बंद करायला दुसरं काही नसतं, म्हणून टाकीच रिकामी करावी लागते. जिथे नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं आणि उन्हाळ्यात टँकर मोजून घ्यावा लागतो, तिथे 10,000 लिटर गटारात सोडा असं सोसायटीला सांगायला जीभ रेटत नाही. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे तर नाहीच नाही. पाईप गोठवण्याच्या कामाकडे आमची फर्म वळली ती एवढ्यासाठी. थंड देशांत हे तंत्र घर उबदार ठेवणाऱ्या लाईनींसाठी रुळलं. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग साठवलेलं पाणी वाचवण्याचा आहे.

तत्त्व साधं आहे. पाईपचा वीतभर भाग बाहेरून इतका थंड करायचा की आतल्या पाण्याचा बर्फ होऊन त्याचा डट्टा बसावा. पुढची लाईन मोकळी करून व्हॉल्व्ह बदलायचा, मग बर्फ वितळू द्यायचा. अट एकच, पाणी थांबलेलं हवं. थेंब-थेंब वाहणारं पाणीही सतत नवी उष्णता आणतं आणि डट्ट्याच्या मधोमध भोक राहून जातं. म्हणून गळती असेल तर आधी रबरपट्टी आणि क्लिप लावून ती थोपवायची. प्रेशर पंप आणि लेव्हल कंट्रोलर बंद करून स्टार्टरवर पाटी लावायची. गोठवून होत नाही अशा बहुतेक तक्रारींचं मूळ कुठेतरी टपकणारा फ्लश टँक असतो.

सुरुवात आम्ही गोठवणाऱ्या स्प्रेच्या डब्यांनी केली. पाईपभोवती फोमचं जाकीट गुंडाळायचं आणि नळीने आत स्प्रे मारायचा. अर्ध्या इंची तांब्याच्या किंवा कॉम्पोझिट पाईपला हे ठीक आहे. एक इंची जीआयला (जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपला) मात्र डबे संपतात आणि डट्टा काही धरत नाही. शिवाय डबा संपला की वेळ संपली, काम अडकलं तरी डट्टा थांबत नाही. ते सामान आता पेटीत फक्त बाथरूमच्या आतल्या छोट्या जोडांपुरतं असतं.

मग कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आला. द्रवरूप वायू जाकिटात सोडला की त्याचा उणे 78 अंशांचा हिम होतो आणि पाईप झपाट्याने गोठतो. सिलिंडर आत नळी असलेला, म्हणजे सायफनचा घ्यावा लागतो. साध्या सिलिंडरमधून उभ्याने नुसता वायू येतो आणि हिम पडत नाही. पण आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. 31 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही, मग दाब कितीही असो. मे महिन्यात पारा 42-43 वर असताना गच्चीवर उभा केलेला सिलिंडर भरलेला असूनही हिम फार कमी देतो. विक्रेत्याने कमी भरला असं वाटतं, दोष उन्हाचा असतो. सिलिंडर सावलीत, ओल्या गोणपाटात ठेवून, पहाटे काम काढलं तर चालतं. कामाआधी आणि नंतर त्याचं वजन करून ठेवायचं, म्हणजे किती उरला याचा अंदाज चुकत नाही. तळघरात, पंपरूममध्ये किंवा बंद डक्टमध्ये आम्ही हा वायू वापरत नाही. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो.

द्रवरूप नायट्रोजन उणे 196 अंशांचा. खेड्यात तो अनोळखी नाही, कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या भांड्यात ठेवतात त्यातला तोच. सहा-आठ इंची औद्योगिक लाईनींना तो लागतो. पण एका लिटरचे सुमारे 700 लिटर वायू होतात, खोलीतला प्राणवायू हटतो आणि इतक्या थंडीत साधं पोलाद ठिसूळ होऊन हातोड्याच्या फटक्याने तडकू शकतं. हे काम आम्ही घेत नाही. ज्यांचा तोच धंदा आहे त्यांच्याकडे पाठवतो.

आज आमच्या नव्वद टक्के कामाचा भार इलेक्ट्रिक मशीनवर आहे. फ्रीजसारखाच कॉम्प्रेसर, दोन लवचिक नळ्या आणि त्यांच्या टोकाला पाईपला चिकटणारी दोन हेड. हेड साधारण उणे 30 अंशांपर्यंत जातं. कार्बन डायऑक्साइडपेक्षा सावकाश, पण वीज आहे तोवर डट्टा धरून ठेवतं, आणि आमच्या दृष्टीने सगळं गणित इथे सुटतं. रेम्स, रॉथेनबर्गर, रिजिड अशा कंपन्या ही मशीनं करतात.

खरेदी करताना इंचावर जाऊ नका, बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा. एक इंची जीआय बाहेरून 33.7 मिमी, प्लास्टिकपैकी एक इंची सीपीव्हीसी 28.6 मिमी, आणि पीपीआरमध्ये 32 मिमी हाच बाहेरचा व्यास. पाऊण इंची सीपीव्हीसी 22.2 मिमी. हेडमधले इन्सर्ट, म्हणजे पाईपच्या मापाचे आत बसवायचे तुकडे, बहुधा तांब्याच्या मापाचे मिळतात. जीआयची मापं आणि मोठे इन्सर्ट सोबत येतात का, हे आधी विचारायचं. हेड आणि पाईप यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहिली तरी वेळ दुप्पट होतो. दुसरी गोष्ट, नळीची लांबी. टाकीखाली आणि डक्टमध्ये मशीन उभं करायला जागा नसते. तिसरी, आत कोणता वायू आहे. प्रोपेनवर चालणारं मशीन असेल तर त्याच्याजवळ गॅसच्या ज्योतीचा टॉर्च पेटवायचा नाही.

कंपनीच्या तक्त्यातली वेळ तशीच गृहीत धरू नका. तक्ता कोणत्या तापमानाच्या पाण्यावर मोजला, ते बारीक अक्षरात खाली असतं. 1 किलो पाणी 35 अंशांवरून 0 वर आणायला 146 किलोज्यूल काढावे लागतात आणि त्याचा बर्फ करायला आणखी 334. हेच पाणी 15 अंशांचं असेल तर पहिला आकडा 63 वर येतो. म्हणजे उन्हाळ्यात नुसत्या पाण्यासाठीच पाचव्या हिश्श्याने जास्त काम, वर पाईपवर पडणारं ऊन वेगळं. एक इंची जीआयला हिवाळ्यात वीस मिनिटं, तर एप्रिलमध्ये आम्ही चाळीस धरतो. गच्चीवर आधी छत्री किंवा ताडपत्री बांधायची, मग मशीन काढायचं.

पाईपची तयारी हा कंटाळवाणा पण निर्णायक भाग. रंग, गंज आणि क्षाराचा थर पॉलिश पेपरने काढून धातू उघडा करायचा. हेड बसवताना मध्ये पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे फटीतलं पाणी गोठून दोन्ही जोडतं. हेड सरळ पाईपवर घ्यायचं. एल्बो, सॉकेट किंवा आट्यांवर नाही, कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि गंजलेले आटे ते सोसत नाहीत. टाकीच्या भिंतीला चिकटूनही नको, टाकीतलं कोमट पाणी अभिसरणाने सारखं आत येत राहतं. आडवा पाईप मिळाला तर उभ्यापेक्षा चांगला.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बंद व्हॉल्व्ह आणि डट्टा यांच्यात पाणी कोंडणं. दोन डट्टे एकमेकांजवळ घेतले तरी तेच होतं. फुगणाऱ्या बर्फाला वाट मिळाली नाही की मधलं पाणी दाबलं जातं आणि पाईपचा कच्चा जोड फुटतो. म्हणून एक बाजू टाकीकडे किंवा लाईनच्या मोकळ्या लांबीकडे उघडी ठेवायची आणि दोन हेडमध्ये ऐसपैस अंतर ठेवायचं.

हेडच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या बर्फाचं कडं दिसलं म्हणजे काम झालं असं नाही, ते बाहेरचं दव असतं. खरी खात्री खालचा नळ उघडल्यावर. नळाने आधी साठलेलं पाणी सोडलं आणि मग तो पूर्ण थांबला, तर डट्टा बसला. त्यानंतर आणखी दहा मिनिटं धरायची. मग करवत नाही, पाना: युनियन (पाना लावून सोडता येणारा जोड) थोडी सैल करून, खाली बादली लावून बघायचं. पाणी येत राहिलं तर परत आवळता येतं, कापलेला पाईप परत जोडता येत नाही.

नवा फुल बोअरचा (आतलं भोक पाईपएवढं असलेला) बॉल व्हॉल्व्ह आधीच टेप, निपल आणि युनियनसह तयार असावा, आणि बसवताना तो उघडा ठेवायचा. डट्टा सरकला तर पाणी व्हॉल्व्हमधून सरळ बाहेर पडतं, आटे नीट बसेपर्यंत दाब हातावर येत नाही. आवळून झाला की बंद. त्यानंतरच मशीनचा स्विच बंद.

डट्टा ज्योतीच्या टॉर्चने वितळवू नका. आपोआप अर्ध्या तासात सुटतो. व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, कारण सुटलेला बर्फाचा तुकडा दाबाने गोळीसारखा जाऊन मीटरच्या जाळीवर आदळतो.

तांब्याला ब्रेझिंग (ज्योतीने धातू वितळवून जोड) करायचं असेल तर उष्णता पाईपमधून हेडपर्यंत पोचते, म्हणून मध्ये मीटरभर अंतर आणि ओलं फडकं हवं. प्लास्टिकचं दुखणं उलटं. ते उष्णता नीट जाऊ देत नाही, सीपीव्हीसीला जीआयच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि थंडीत ते ठिसूळ होतं. गोठलेल्या सीपीव्हीसीवर पाना आपटला तर लांब चीर जाते. सॉल्व्हंट सिमेंटचा जोडही गारठ्यात आणि ओलीत सावकाश धरतो, डब्यावरच्या वेळेत भर घालूनच पाणी सोडायचं.

वीज जाण्याचा विचार आधीच करा. मशीन साधारण पाचशे वॉटच्या आतबाहेरचं असतं. घरगुती जनरेटर पुरतो. पण लाईट येऊन जाऊन राहिली तर कॉम्प्रेसर लगेच चालू करू नका, तीन-चार मिनिटं थांबा. व्होल्टेज कमी असलेल्या फीडरवर स्टॅबिलायझर हवाच.

कामाची चौकशी आली की आम्ही फोनवर चारच गोष्टी विचारतो: पाईप कशाचा, बाहेरचा व्यास किती, पाणी थांबवता येतं का, आणि आत नुसतं पाणीच आहे का. टेप धरलेला फोटो मागतो. शेवटच्या प्रश्नाचं कारण, शीतगृहांच्या चिलर लाईनमध्ये पाणी गोठू नये म्हणून घातलेलं ग्लायकॉल असतं. ते मिसळलेलं पाणी शून्याच्या खूप खाली जाईपर्यंत नुसतं लगदा होतं आणि लगद्याचा डट्टा दाब धरत नाही. दोन इंचांच्या वरची कामं आणि आतून क्षाराने जवळपास बुजलेले जुने जीआयही नाकारतो. तिथे टाकी रिकामी करून अख्खी लाईन बदलणंच स्वस्त पडतं.

मशीन रिक्षातून आडवं आणलं असेल तर उभं करून दोन-तीन तास राहू द्यायचं, कॉम्प्रेसरचं तेल खाली बसल्यावरच चालू करायचं. नळ्या हेडच्या मुळाशी वाकल्या की आतल्या कपिलरीला (केसाएवढ्या बारीक नळीला) चीर जाते आणि वायू सुटतो. म्हणून गुंडाळी सैल, आणि पेटीवर काहीही ठेवायचं नाही.