दशलक्षातला ‘दश’

१५ नोव्हेंबर २०२२, मंगळवार. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे जगाची लोकसंख्या आठ अब्ज होण्याचा दिवस. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मराठी पत्रकारांपर्यंत प्रेसनोट आणि आलेख पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

प्रेसनोटमध्ये आकडा दोनदा लिहिला होता : आठ अब्ज, म्हणजे ८०० कोटी. हे मुद्दाम करावं लागतं. ‘अब्ज’ छापायला बरा, पण आपला वाचक हिशेब करतो तो कोटीत. अंकात लिहिलं तर आणखी एक अडचण. मूळ मजकुरात स्वल्पविराम तीन-तीन शून्यांवर असतात. मराठीत ८,००,००,००,००० असे द्यावे लागतात, आणि ते बदलताना एखादं शून्य हमखास गळतं.

चूक झाली ती मात्र आलेखात. मुख्यालयाकडून आलेल्या आराखड्यात उभा अक्ष दशलक्षात होता : जग ८,०००, चीन १,४२६, भारत १,४१२. मोबाइलसाठी अरुंद आवृत्ती करताना ‘दशलक्षात’ हा शब्द चौकटीत मावेना, म्हणून मांडणी करणाऱ्याने ‘लाखात’ केलं. मी नोट ओळीनओळ तपासली होती. चित्रातला मजकूर तपासला नव्हता. आठ हजार लाख म्हणजे ८० कोटी. जग दहापटीने लहान झालं, आणि सकाळी एका पोर्टलवर ‘जग ८० कोटींवर’ असा मथळा लागलासुद्धा.

ती चूक जगाच्या आकड्यावरून कुणाच्या लक्षात आली नसती. भारताच्या आकड्यावरून आली. एका उपसंपादकांनी फोन केला : ‘‘मॅडम, तुमच्या आलेखात भारत चौदा कोटी दिसतोय. २०११च्या जनगणनेत एकटा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटी होता.’’ बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून कुठलाही जागतिक आकडा पाठवताना शेजारी महाराष्ट्राचा आकडा ठेवून बघते.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला असतो. आधी डाक आवृत्त्या, म्हणजे बाहेरगावी जाणारे अंक, कारण त्यांची पानं सर्वांत आधी सुटतात. मग शहर आवृत्त्या, शेवटी पोर्टल. पण त्या दिवशी पोर्टलला आधी गाठावं लागलं, कारण मथळा लोकांपुढे गेलेला होता. मेल नाही, थेट डेस्कला फोन. नवं चित्र जुन्याच नावाने पाठवायचं नाही, नाहीतर पान लावणारा डाउनलोडमधलं जुनंच उचलतो. नावात ‘दुरुस्त’ आणि वेळ हवी. ग्रुपवर आपण टाकलेलं पुसता येतं, तिथून पुढे गेलेलं नाही. म्हणून जुनं-नवं चटकन ओळखू यावं यासाठी नव्या चित्रात अक्षच बदलला : ‘आकडे कोटींत’, आणि ८००, १४२.६, १४१.२.

दिवसभरातला दुसरा प्रश्न एकच : आठ अब्जावं बाळ कुठलं? तालुक्याच्या वार्ताहरांना फोटो हवा असतो, आणि तशी प्रथाही पडलेली आहे. १९९९ साली सहा अब्जावं म्हणून बोस्नियातल्या सारायेव्होतलं एक बाळ निवडलं गेलं होतं. पण त्या क्षणी कोणी मोजत नसतं. देशोदेशीच्या जनगणना, जन्म, मृत्यू आणि स्थलांतराच्या आकडेवारीवरून केलेला हा अंदाज, तारीख प्रतीकात्मक. ‘लोकसंख्येचा स्फोट’ असा मथळा विचारणाऱ्यांना जगाच्या लोकसंख्यावाढीचा वेग २०२० मध्ये एक टक्क्याच्या खाली गेल्याचं आणि महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, १.७ वर आल्याचं सांगत होते. हे आकडे नोटमध्ये होते, पण दुसऱ्या पानावर. ते पहिल्यावर हवे होते.

संध्याकाळी एका वार्ताहराने ग्रामीण रुग्णालयातला फोटो पाठवला. टॉवेलात गुंडाळलेली मुलगी, मनगटाला चिकटपट्टी, तिच्यावर आईचं नाव आणि जन्मवेळ. खाली ओळ : ‘आठ अब्जावी’. आईची परवानगी घेतली का, हे विचारलं. घेतली नव्हती. तासाभराने फोटो पुन्हा आला, चिकटपट्टी झाकलेला, परवानगीच्या निरोपासह. ओळ बदललेली होती : ‘१५ नोव्हेंबरला जन्मलेली’.