आईचे दोन सेप्सिस

आईला शेवटच्या वर्षात दोनदा सेप्सिस झाला. पहिल्या वेळी ती पाच दिवस आयसीयूत राहून स्वतःच्या पायांनी घरी परत आली. दुसऱ्या वेळी आम्ही तिला आयसीयूत नेले नाही. या दोन निर्णयांमध्ये आठ महिन्यांचे अंतर होते आणि दोन्ही निर्णय बरोबर होते, असे मी आज म्हणू शकते. त्या वेळी मात्र दुसऱ्या निर्णयाने माझी झोप उडाली होती, कारण पडलेले बीपी, वाढलेला श्वास आणि थंड पडलेले हात दोन्ही वेळी सारखेच दिसत होते. एकदा सगळे केले, मग दुसऱ्यांदा का नाही, हा प्रश्न माझ्या धाकट्या भावाने विचारला आणि मीही स्वतःला अनेकदा विचारला. कॅन्सरचे मोठे दुखणे ज्यांच्या घरात आहे, त्यांना त्या रात्रीच्या आधीच काही गोष्टी माहीत असाव्यात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सेप्सिस म्हणजे ‘रक्तात इन्फेक्शन पसरले’ असे आपण सहज म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. २०१६ साली ठरलेल्या व्याख्येनुसार जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद ताबा सोडून भरकटतो आणि त्यामुळे अवयवच निकामी होऊ लागतात, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणतात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतून द्रव पाझरू लागतो, त्यामुळे बीपी उतरते. मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळेनासे झाले की लघवी कमी होते, आणि मेंदूवर परिणाम झाला की माणूस बरळू लागतो. २०१७ या वर्षासाठीच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातील सुमारे १ कोटी १० लाख दगावले. एवढा मोठा आजार, आणि आईचा कॅन्सर निघेपर्यंत आमच्या घरात हा शब्द कोणी ऐकलाही नव्हता.

आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. गाठीने पित्तनलिका दाबली गेल्यामुळे सुरुवातीलाच तिथे स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवला होता आणि मग केमो सुरू झाली. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर दहाव्या दिवशी संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. थर्मामीटरवर १०१.२ आले. ‘पॅरासिटामॉल दे, सकाळी बघू’ असे तीच म्हणाली आणि मलाही क्षणभर तेच सोयीचे वाटले. पण केमोनंतर ताप १००.४च्या वर टिकला किंवा एकदाच १०१ झाला, तरी वेळ न घालवता यायचे, असे आम्हाला लिहून दिलेले होते. आम्ही लगेच निघालो. रक्त तपासले तेव्हा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी २०० निघाल्या. त्या ५००च्या खाली गेल्या की ताप हीच एक आणीबाणी समजतात. या पेशी नसल्या की पू धरत नाही, सूज येत नाही, जागा लाल होत नाही, कारण हे बऱ्याच अंशी त्याच पेशींमुळे होत असते. अशा माणसाचा ताप ही बहुधा एकमेव खूण असते आणि गोळी देऊन आपण तीच पुसून टाकतो. कल्चरसाठी, म्हणजे रक्तात कोणते जंतू आहेत ते वाढवून पाहण्यासाठी, पोर्टमधून (केमो देण्यासाठी छातीच्या त्वचेखाली बसवलेल्या डबीतून) आणि हातातून रक्त घेतले आणि तासाच्या आत अँटिबायोटिक सुरू झाले. पहाटे बीपी उतरले, म्हणून तिला आयसीयूत हलवून बीपी टिकवणारे औषध लावले. त्या वेळी कोणीही आम्हाला ‘किती करायचे’ असे विचारले नाही, आणि विचारण्याची गरजही नव्हती. पेशी थोड्या दिवसांत भरून येणार होत्या, केमोला गाठ दाद देत होती, आई आदल्या दिवसापर्यंत घरभर वावरत होती आणि तिला जगायचे होते. संकट मोठे होते, पण त्याचे कारण हटणार होते.

दुसऱ्या वेळी हटण्यासारखे काही उरले नव्हते. एवढेच समजायला मला किती वेळ लागला!

मधल्या काळात गाठी यकृतात पसरल्या होत्या, केमो बंद होऊन दोन महिने झाले होते आणि आई दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणावर असे. याच काळात उपशामक सेवेच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टर आमच्याशी जोडल्या गेल्या. हे नाव काढले की बहुतेक घरांत ‘म्हणजे आता संपले’ असा अर्थ लावतात. आम्हीही तो लावला आणि दोन आठवडे त्यांच्याकडे जायचे टाळले. ती आमची चूक होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना निदानानंतर लगेचच, नेहमीच्या उपचारांच्या जोडीने उपशामक सेवा दिली होती. त्यांचे दिवस अधिक बरे गेले, शेवटच्या काळात त्यांच्यावर जोरकस उपचारांचा मारा कमी झाला आणि सरासरीने पाहता ते अडीच महिन्यांहून अधिक जास्त जगले. कॅन्सरचे उपचार चालू असतानाच ही माणसे सोबत असावी लागतात. आम्ही त्यांना उशिरा बोलावले.

त्या डॉक्टरांनी एका दुपारी आईला विचारले, “पुन्हा तसा ताप आला तर तुम्हाला काय नको आहे?” मी उठून जाणार होते. आईने मला हाताने बस म्हणून खुणावले. मग ती म्हणाली, “औषधाने बरे वाटणार असेल तर द्या. पण मला बोलता येणार नाही अशी नळी घालू नका, आणि मला हिच्यापासून लांब ठेवू नका.” डॉक्टरांनी ते कागदावर लिहून आईला वाचून दाखवले आणि तिची सही घेतली. सगळे मिळून वीस मिनिटे लागली असतील. या वीस मिनिटांचे मोल काय, ते दीड महिन्याने कळले. सेप्सिस सर्वांत आधी ज्या गोष्टी हिरावून घेतो, त्यांत शुद्ध ही एक असते. ज्याच्या शरीराचा निर्णय घ्यायचा, त्यालाच तो नेमका त्या रात्री घेता येत नाही.

त्या रात्री ताप आलाच नाही. उलट अंग ९६पर्यंत गार पडले होते. फार थकलेल्या शरीरात सेप्सिस असाही येतो. ती चादरीच्या सुरकुत्या चिमटीत पकडत होती आणि मला मावशीच्या नावाने हाक मारत होती. श्वास मिनिटाला २८ होता. गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली होती. मी तिच्या बोटाचे नख दाबून सोडले, तर पांढरे झालेले नख पुन्हा गुलाबी व्हायला पाच सेकंद लागले. पहिल्या आजारपणात एका नर्सने मला ही खूण शिकवली होती. निरोगी माणसात तो गुलाबी रंग दोन-तीन सेकंदांत परततो.

रुग्णालयात पोहोचल्यावर ड्यूटीवरच्या एका तरुण डॉक्टरांनी मला पॅसेजमध्ये गाठले आणि विचारले, “सगळे करायचे ना? व्हेंटिलेटर लागला तर लावायचा ना? लगेच सांगा.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांच्यावरही कामाचा ताण असणार. पण हा प्रश्न असा विचारूच नये. ‘सगळे’ला नाही म्हणणाऱ्या मुलीला तिथल्या तिथे वाटते की आपण आईला ‘काहीच नाही’च्या हवाली केले, आणि प्रत्यक्षात असे दोनच पर्याय कधी नसतात. मी पिशवीतून तो सही केलेला कागद काढला. भाऊ फोनवर होता, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत पोहोचणार होता, आणि ‘सगळे करा’ असेच म्हणत होता.

पॅलिएटिव्हच्या डॉक्टर सकाळी आल्या. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवायला सांगून आम्हा दोघांशी एकत्र बोलणे केले. स्टेंट तुंबून पित्तमार्गात जंतुसंसर्ग झाला होता. स्टेंट बदलायला गुंगी द्यावी लागणार होती आणि ते या बीपीवर धोक्याचे होते. तो बदलता आला असता, तरी यकृताच्या आतल्या गाठी तशाच राहणार होत्या. व्हेंटिलेटरवर घेतले तर तो कधी काढता येईल असे त्यांना वाटत नव्हते. हृदय थांबल्यावर छाती दाबली तर बरगड्या मोडतील, आणि ज्या कारणाने हृदय थांबले ते कारण तिथेच राहील. मग त्यांनी तिसरा मार्ग सांगितला: वॉर्डमध्येच, आमच्याजवळ, पोर्टमधून अँटिबायोटिक आणि बेताचे सलाईन ४८ तास द्यायचे, लघवी, शुद्ध आणि बीपी यांकडे पाहायचे, आणि धाप व दुखणे यांसाठी मॉर्फिन पहिल्या तासापासूनच द्यायचे. मुदत बांधून केलेला असा प्रयत्न वैद्यकात मान्य आहे. ४८ तासांनी काय पाहून काय ठरवायचे, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले, आणि त्यामुळेच माझा भाऊ तयार झाला.

मॉर्फिनची मला भीती होती. त्याने श्वास थांबेल आणि ते माझ्या होकाराने होईल, असे वाटत होते. डॉक्टरांनी समजावले की धापेसाठी अगदी लहान मात्रेपासून, रुग्णाकडे पाहत पाहत दिलेले मॉर्फिन मृत्यू जवळ आणत नाही. गुदमरल्याची जाणीव तेवढी कमी करते. अर्ध्या तासात तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. ती मी पाहिली आहे, त्यामुळे यावर मला आणखी पुरावा नको.

मी वहीत नोंदी ठेवत होते. पहिल्या बारा तासांत लघवी १५० मिली, पुढच्या बारा तासांत ९०, मग ४०. दुसऱ्या दिवशी रात्री भाऊ पोहोचला तेव्हा आईने डोळे उघडले, पण ओळख दिली की नाही हे सांगता येणार नाही. ४८ तास झाले तेव्हा पायांवर सूज आली होती आणि श्वासात घरघर सुरू झाली होती. सलाईन आता शरीराच्या कामी येत नव्हते, ते फुप्फुसांत आणि पायांत साठत होते. ते थांबवले, अँटिबायोटिकही थांबवले. मॉनिटरचा आवाज बंद केला आणि दर चार तासांनी बीपी घेणे सोडून दिले. मला हात रिकामे झाल्यासारखे वाटले. नर्सने ते ओळखले असावे. तिने ओल्या स्पंजची काडी माझ्या हातात दिली आणि ओठ, हिरड्या, जिभेचे टोक कसे ओले ठेवायचे ते दाखवले. आईला कुशीवर वळवून घरघर कमी केली. ‘हा आवाज तुम्हाला जास्त त्रास देतो, त्यांना तो बहुधा जाणवतही नाही,’ असेही ती म्हणाली. पुढचे एकोणीस तास आम्ही दोघे तिच्याजवळ होतो. श्वासांमधली अंतरे वाढत गेली आणि एका अंतरानंतर पुढचा श्वास आला नाही.

वर्षभराने भावाने मला विचारले, “अँटिबायोटिक आणखी दोन दिवस चालू ठेवले असते तर?” मी वाद घातला नाही. कपाटातून ती वही काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने त्या ४८ तासांच्या नोंदी दोनदा वाचल्या, बोटाने १५०, ९०, ४० या आकड्यांवरून खाली आला, आणि वहीत घडी करून ठेवलेला आईच्या सहीचा कागद उघडून बराच वेळ पाहत बसला. जाताना त्याने वही मागून घेतली. ती आता त्याच्याकडे आहे.