तुम्हाला न दिसलेलं दान

ऑनलाइन खेळात मी काही फासे तुमच्यापासून लपवून का टाकते, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझ्याकडे रोलप्लेइंग गेम (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रंगवायची, अवघड कृतींचा निकाल फाशांवर लावायचा, असा खेळ) खेळायला येणारा जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात विचारतोच, "तुम्ही लपवून फासे टाकता, आम्हाला आकडा दिसत नाही. मग तो खरा कशावरून?" या प्रश्नाचा मला राग येत नाही. एका टेबलाभोवती बसून खेळताना गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा, पडद्याआड फासे टाकतो तेव्हा निदान खडखड ऐकू येते, त्याचा चेहरा दिसतो. ऑनलाइन खेळात एक बटण दाबलं जातं, तेही आवाज न करता.

मुळात लपवायचं कशासाठी? समजा, तुमचं पात्र दारात सापळा आहे का ते तपासतंय. वीस बाजूंच्या फाशावर (आकडा जितका मोठा, तितकं चांगलं) ३ पडले आणि मी म्हटलं, "सापळा दिसत नाही." तुम्ही लगेच सावध होता. पात्राला मात्र सावध व्हायचं काही कारण नाही. त्याच्या दृष्टीने त्याने दार नीट पाहिलंय. एकदा माझ्याकडून दान लपवण्याचा पर्याय निवडायचा राहिला आणि ४ हा आकडा सगळ्यांच्या स्क्रीनवर आला. मी "दार साधंच दिसतंय" म्हणेपर्यंत उरलेल्या तिघांनाही तेच दार तपासायचं होतं. लबाडी कुणीच केली नव्हती. पाहिलेला आकडा न पाहिल्यासारखं वागणं फार अवघड असतं, आणि ते ओझं खेळाडूवर टाकणं मला पटत नाही.

म्हणून पात्राला स्वतःचं यश-अपयश कळणारच नाही, तेवढीच दानं मी लपवते. शोधाशोध, समोरचा खोटं बोलतोय का याचा अंदाज, जुनी माहिती आठवणं, एवढंच. तलवारीचा वार उघड्यावर. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीने तर अशा कृतींना नियमातच 'सीक्रेट' असा शिक्का दिला आहे. त्यात माहिती आठवताना दान फारच वाईट पडलं तर गेम मास्टरने चुकीची माहिती द्यायची असते. आकडा समोर असेल तर ती चुकीची माहिती कोण खरी मानेल? डन्जन्स अँड ड्रॅगन्स या दुसऱ्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत दुसरी वाट आहे. पात्राच्या निरीक्षणशक्तीचा जो बोनस असेल त्यात १० मिळवायचे आणि फासा टाकायचाच नाही. ताटातूट, पाठलाग अशा घाईच्या प्रसंगात मी हेच वापरते.

ऑनलाइन खेळायच्या साधनांबद्दल थोडंसं, म्हणजे रोल२० आणि फाउंड्रीबद्दल. रोल२०मध्ये 'जीएमरोल' केला की आकडा टाकणाऱ्याला आणि गेम मास्टरला दिसतो. म्हणजे खेळाडूनेच टाकला तर लपवण्याचा हेतू फसतो. तिथे मीच टाकते. फाउंड्रीमध्ये 'ब्लाइंड रोल' आहे आणि तो मला मनापासून आवडतो. बटण खेळाडू दाबतो, आकडा फक्त मला दिसतो. नशीब आपल्याच हातचं होतं, ही भावना त्यामुळे शाबूत राहते.

आता खरा प्रश्न, विश्वासाचा. एकमेकांवर भरवसा नसलेल्या दोघांनी फोनवरून नाणेफेक कशी करावी, यावर संगणकशास्त्रज्ञ मॅन्युएल ब्लम यांनी १९८१मध्ये उत्तर दिलं होतं. गाभा असा, की आधी आपलं दान कुलूपबंद करून समोरच्याच्या हाती द्यायचं आणि किल्ली नंतर. आपल्यालाही हे जमतं. मी दान टाकते, त्या आकड्यापुढे अक्षरांची एक लांबलचक निरर्थक माळ जोडते आणि त्या सगळ्याचा एसएचए-२५६ हॅश (मजकुराचा गणिताने काढलेला ठसा, ज्यावरून मूळ मजकूर उलटा काढता येत नाही) चॅटमध्ये टाकते. सत्र संपल्यावर मूळ ओळ उघड करायची, ज्याला हवं त्याने हॅश पुन्हा काढून पाहायचा. ती माळ विसरू नका. नुसत्या आकड्याचा हॅश दिलात तर शक्यता वीसच. कुणीही एका मिनिटात सगळ्या तपासून आकडा ओळखेल. अर्थात यातून एवढंच सिद्ध होतं की आकडा नंतर बदलला नाही. चांगला पडेपर्यंत मी फासा पुन्हा पुन्हा टाकला नाही, हे त्यातून कळत नाही.

म्हणून माझ्या गटात हॅश क्वचितच लागतो. मी तोंडाने सांगते, "एक फासा टाकतेय, तुमच्यापासून लपवून." खडखडीची जागा त्या वाक्याने भरून निघते. नुसतं घाबरवायला खोटे फासे टाकणं मी सोडलंय, कारण मग त्या वाक्याला किंमत उरत नाही. पडलेलं दान मी बदलत नाही, ते मला कितीही नकोसं असलं तरी. कुणाला कळणार नाही, म्हणून तर अजिबातच नाही. आणि त्या प्रसंगाचा निकाल लागला की सगळी लपलेली दानं वाचून दाखवते.

गेल्या सत्राच्या शेवटी अशीच यादी वाचत होते. "पुलावरचा म्हातारा. त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज, २." हेडफोनमध्ये क्षणभर शांतता. मग त्या म्हाताऱ्याला अख्ख्या गटाचा नकाशा देऊन बसलेला खेळाडू ओरडला, "म्हणजे तो तेव्हापासून खोटं बोलत होता?" पुढचा अर्धा तास ते चौघं म्हाताऱ्याचं एकेक वाक्य आठवत बसले होते. त्या २वर शंका कुणीच घेतली नाही.