ओळ चौदा

डॉक्टर: बरं. आणखी काही त्रास?
(१.४)
पेशंट: °न्हाई. काय न्हाई.°

माझ्या प्रबंधातला हा उतारा मला तोंडपाठ होता. सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी. कंसातला आकडा म्हणजे शांततेचे सेकंद, आणि शून्याच्या आकाराची चिन्हं म्हणजे आवाज खाली गेला. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी घालून दिलेली ही लिहायची पद्धत. हात बसल्यावरही एक मिनिट टेप उतरवायला मला तास लागतो. घरच्यांना वाटतं, मी टायपिंगची कामं घेते.

१.४ सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण २००९ साली दहा भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी सेकंदाचा पाचवा भाग निघालं. त्या दहांत मराठी नाही, पण आपण काही फार वेगळे नसणार. त्या हिशेबात ही बाई सातपट गप्प राहिली होती.

माझा विषयच मुळी डॉक्टरांचा हा प्रश्न. जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकेतल्या २० डॉक्टरांवर एक प्रयोग केला होता. ‘आणखी काही सांगायचंय का?’ या प्रश्नातला ‘एनी’ काढून काही डॉक्टरांना ‘सम’ वापरायला लावलं. एवढ्या बदलानं, मनात असून सांगायच्या राहून जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या. मराठीत पंचाईत अशी की ‘सम’ही ‘काही’ आणि ‘एनी’ही ‘काही’. मग आपले डॉक्टर हे काम कशानं करतात? ‘आणखी काही त्रास?’ असं विचारलं तर ‘नाही’ हे उत्तर तयारच असतं. ‘आणखी काय काय होतंय?’ म्हटलं तर निदान एक तरी सांगावं लागतं. असं माझं म्हणणं, आणि वरचा उतारा त्याचा हुकमी पुरावा. डॉक्टरांची सत्ता, प्रश्नाची ठेवण, बाईचं मौन यांवर मी तीन पानं लिहिली होती. चांगली झाली होती, खोटं कशाला बोला.

त्या दिवशी केंद्रावर गेले ते दुसऱ्याच कामासाठी, एका शब्दाचा उच्चार नीट लागत नव्हता म्हणून. आशाताई त्या रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीतच होत्या, संमतीपत्रावर त्यांचीही सही होती, म्हणून त्यांना तेवढा तुकडा ऐकवणं नियमात बसत होतं. लसीकरणाचा दिवस, बाहेर पोरांची रडारड. औषधांच्या खोलीत खोक्यावर बसून दोघींनी एकेक इअरफोन कानात घातला.

माझा शब्द त्यांनी लगेच सांगितला. टेप पुढे चालू राहिली. चौदावी ओळ गेली आणि त्या हसल्या.

“बघा, कसं खाकरलं सासरं.”

“कोण?”

“तिचं सासरं. दारात हुबं हुतं की. तुमास्नी ऐकू आलं न्हाई व्हय?”

ऐकू आलं होतं. मी ते लिहिलंही होतं: समासात, दुहेरी कंसात, ‘बाहेर खोकला’. ओपीडीत खोकला नाही तर काय असणार! पंखा, टेबल सरकल्याचा आवाज, मोबाइलची रिंगटोन यांच्या रांगेत तोही बसवून टाकला होता.

रात्री पुण्यात परत येऊन तो तुकडा प्रात या आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि पडद्यावर ताणून मोठा केला. डॉक्टरांचा प्रश्न संपतो. मग फिकट करडा पट्टा: श्वास आत घेतल्याचा. बोलायला सुरुवात करताना घेतो तसा. मग काळा ठसठशीत डाग, अर्ध्या सेकंदाचा. मग काहीच नाही. मग ‘न्हाई’. म्हणजे माझी १.४ सेकंदांची शांतता ही शांतता नव्हतीच. बाई सांगायला निघाली होती. कुणीतरी मध्ये बोललं, आणि ती थांबली.

लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. हसण्याच्या जागी कंसात नुसतं ‘हसते’ असं लिहिलं की काय काय हरवतं, यावर जेफरसन यांचा १९८५ चा लेख आहे. मी तो दोन वर्षं एमएच्या मुलांना शिकवलाय. आणि खाकरणं म्हणजे काय हे मला लेखातून कळायची गरज नव्हती. गावी आमचे आजोबा माजघराच्या उंबऱ्यापाशी असेच खाकरायचे. आई पदर सावरायची, काकू बोलणं तोडायची. घसा कुणाचाच खराब नव्हता.

गाइड मॅडमना ऐकवलं. त्यांनी चार वेळा ऐकलं, मग म्हणाल्या, “ही बोलायची पाळी आहे. तिसऱ्या माणसाची.” मी खूश. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “सही घेतलीस त्यांची?”

आवाज होता तोवर सही लागत नव्हती. बोलणारा माणूस झाल्यावर लागते. आणि ती मागायला जायचं म्हणजे त्यांना सांगायचं, की तुम्ही खाकरलात तेव्हा तुमची सून काहीतरी सांगणार होती. मॅडम काही बोलल्या नाहीत, मीही नाही. उतारा प्रबंधातून काढला. तीन पानांसकट. इथे लिहितानाही नातं, आरोग्य केंद्र, ओळीचा आकडा यांतलं काही ना काही बदललं आहे; काय ते सांगत नाही.

त्या बाईचं काय, हे मी आशाताईंना फोनवर विचारलं.

“मी गेल्ते की दुसऱ्याच दिवशी, कडीपत्ता मागायला,” त्या म्हणाल्या. “औषध चालू हाय. काय झालं हुतं ते मातुर इचारू नका.”

विचारलं नाही. सध्या बाकीच्या टेपांमधले सगळे दुहेरी कंस पुन्हा ऐकतेय. परवा एकात दाराबाहेर बांगड्या वाजलेल्या सापडल्या, दोनदा. दोन्ही वेळा डॉक्टरांचा प्रश्न नुकताच संपलेला.