नाकातली नळी गेली
आज पिल्लूच्या पोटात फीडिंग ट्यूब, म्हणजे दूध थेट पोटात सोडायची नळी, बसवली. दूध श्वासनलिकेत जाऊन सारखा न्यूमोनिया व्हायचा, म्हणून डॉक्टरांनी हाच मार्ग सुचवला. दुर्बिणीतून झालं, फार वेळही लागला नाही. पण ऑपरेशन थिएटरबाहेर आमचा जीव टांगणीला. सासूबाईंचा जप चालू, नवरा उगाच रिपोर्टांची फाइल लावत बसलेला. (“मग तोंडाने कधी खाणार?” हा फोन आलाच. असो.)

नाकातली नळी निघाली, गालावरची चिकटपट्टीही. खाली लालभडक चौकोन. त्याच्या शेजारी मनसोक्त पापे घेतले.

सिरिंजने दूध कसं सोडायचं, नंतर पाण्याने नळी कशी धुवायची, सिस्टरांनी समजावलं. सासूबाईंचा पहिला प्रश्न, “नाचणीचं सत्त्व चालेल?” चालेल म्हणाल्या, पातळ करून, गाळून. पण जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच.