जनरल लेकचा वंशवृक्ष तयार करताना

आमच्या अभ्यासमंडळाने १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धावर टिपणे काढायचे ठरवले, तेव्हा जनरल जेरार्ड लेक माझ्या वाट्याला आला. दिल्ली आणि लासवारी येथे शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणी, ज्याने मोडले, त्या सेनापतीचे चरित्र आणि घराणे दोन पानांत मांडायचे होते. काम आठवडाभराचे वाटले, पण त्याला दोन महिने लागले.

पहिली अडचण पदव्यांची होती. १७९० ते १८०२ या काळात एल्सबरीतून पार्लमेंटवर असलेला हा लष्करी अधिकारी १८०४ मध्ये बॅरन हा सरदार झाला आणि १८०७ मध्ये त्याहून वरच्या दर्जाचा व्हायकाउंट. त्याच्या बॅरन पदवीत बकिंगहॅमशरमधल्या ॲस्टन क्लिंटन या गावाबरोबर दिल्ली आणि लासवारी ही नावेही आहेत, हे वाचल्यावर मला त्या दिवशी पुढे काही लिहवले नाही. व्हायकाउंटपद पुढे फ्रान्सिस आणि वॉरिक या मुलांकडे क्रमाने गेले, त्यामुळे ‘लॉर्ड लेक’ असे नाव आले की ती नोंद बापाची की मुलाची, हे साल पाहूनच ठरवावे लागे.

खरी चूक माझ्या हातून जॉर्ज या मुलाच्या बाबतीत होणार होती. १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीच्या रणात लेकचा घोडा पडला, तेव्हा मेजर असलेल्या जॉर्जने स्वतःचा घोडा वडिलांना दिला आणि त्याच क्षणी तो त्यांच्या डोळ्यांदेखत जबर जखमी झाला. एवढे वाचून मी ‘लासवारीत मुलगा गमावला’ असे लिहून टाकले होते. पुढे वेस्टमिन्स्टर ॲबेतील त्याच्या स्मारकाची नोंद हाती आली, तेव्हा कळले की जॉर्ज त्या जखमेतून वाचला होता आणि १७ ऑगस्ट १८०८ रोजी पोर्तुगालमधील रोलिसाच्या लढाईत, २९ व्या पलटणीचे नेतृत्व करताना मारला गेला. वडील त्याच वर्षी २० फेब्रुवारीला वारले होते. मुलाचा मृत्यू पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

आयर्लंडमध्ये १७९७-९८ साली लेकने केलेली कठोर दडपशाही कौटुंबिक टिपणात नको, असे मंडळातील काहींचे म्हणणे होते. मी ती ठेवली, आणि भरतपूरच्या किल्ल्यावरचे त्याचे चार फसलेले हल्लेही ठेवले. लासवारीला शिंद्यांच्या पलटणी तोफांजवळ अखेरपर्यंत झुंजल्या आणि त्यांच्या शौर्याची कबुली खुद्द लेकने दिली, हेही मी आग्रहाने लिहिले, कारण त्या शिपायांचे वंशवृक्ष कोणी जपलेले नाहीत.

लेकच्या वंशवृक्षाच्या आरंभी १७७० मध्ये एलिझाबेथ बार्करशी झालेला त्याचा विवाह आहे, त्याखाली तीन मुलगे आणि पाच मुली. अखेरची नोंद १८४८ ची आहे: त्या वर्षी वॉरिक वारला, वारस उरला नाही, आणि दिल्ली व लासवारीची नावे मिरवणारी ती पदवी चव्वेचाळीस वर्षांत लोप पावली.