ग्राफिक्स कार्ड बदललं आणि उन्हाळा उगाच बदनाम झाला

कार्ड बसवायला वीस मिनिटं लागली. ते थंड ठेवायला दोन महिने, आणि त्यातला निम्मा वेळ दुकानदाराचं एकच वाक्य ऐकण्यात गेला: "साहेब, जगात जर्मनी, भारतात परभणी. इथल्या उन्हात कार्ड तापणारच की."

आधी जीटीएक्स १६५० होतं, ७५ वॅटचं. नवं आरटीएक्स ३०६० म्हणजे १७० वॅट. दुपटीहून जास्त उष्णता, आणि अशा कार्डांचे पंखे ती बरीचशी कॅबिनेटमध्येच सोडतात. बाहेर काढायचं काम कॅबिनेटच्या पंख्यांचं. हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

एप्रिलात गेम लावला की दहा मिनिटांत ८६ अंश, आवाज पिठाच्या गिरणीसारखा आणि चित्र अडखळायचं. दुकानात तीन चकरा. पहिल्यांदा "ड्रायव्हर नवा टाका". दुसऱ्यांदा प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून पैसे घेतले, जिचा इथं संबंधच नव्हता. तिसऱ्यांदा जर्मनी-परभणी. बरं, ते अगदीच खोटंही नाही. खोलीच ३६ अंशांवर असली तर कार्ड डिसेंबरपेक्षा दहाएक अंश वर राहणारच. म्हणून तर मी ऐकून घेत राहिलो.

एका रात्री वैतागून बाजूचं झाकण काढलं. तोच गेम, तीच खोली, ७६ अंश. झाकण काढल्यानं ऊन तर कमी होत नाही ना! मग देवघरातली उदबत्ती आणली. आई म्हणाली, "काय करायलास रे, कंप्युटरची आरती?" झाकण लावून धूर मागच्या पंख्याजवळ धरला. तो बाहेर ढकलला जायला हवा होता, पण सरळ आत ओढला गेला. पंखा उलटा! मोटर धरणाऱ्या चार काड्या पंख्याच्या ज्या बाजूला असतात, तिकडून हवा बाहेर पडते. माझ्या त्या काड्या आतल्या बाजूला होत्या. पुढचे दोन आत फुंकणार, मागचाही आत फुंकणार, गरम हवेनं जायचं कुठून? चार स्क्रू काढून पंखा फिरवला, झाकण बंद असताना ८० वर आलं.

कॅबिनेटची पुढची काच ही दुसरी भानगड. दिसायला झकास, पण हवा आत यायला बाजूंना बोटभर फट. ती काढून खिडकीची डासांची जाळी कापून लावली, ७५. दर पंधरा दिवसांनी ब्रशनं झटकतो, नाहीतर आपल्याकडची धूळ तिचीही काच करते.

हे खरं आधी सांगायला हवं होतं: कार्ड घेण्याआधी त्याची लांबी मोजा, पुढच्या पंख्यांना टेकत असेल तर घेऊ नका. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. आणि घरचा पाण्याचा कूलर थेट त्याच्या तोंडावर लावू नका. मी एक दिवस लावला होता, पुढच्या पत्र्यावर ओल दिसली तेव्हा घाबरून बंद केला.

भर मे महिन्यात आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डानं जास्तीत जास्त किती वीज खायची ती मर्यादा, ८० टक्के केलं, म्हणजे साधारण १३६ वॅट. गेममध्ये फरक मला तरी जाणवला नाही, ७० च्या आसपास राहतं.

दुकानदाराला उलट्या पंख्याचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका पडल्या, उत्तर अजून नाही.